घारीचा संसार आणि आपला मोहल्ला

फेब्रुवारी सरून ऊन तापू लागले की दाट वस्तीच्या मोहल्ल्यांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. गच्चीवर पापड वाळत घालायला गेलेल्या बाईच्या डोक्यावरून घार सपकन गेली. पाण्याची टाकी बघायला चढलेल्या मुलाला पंजा लागला. मग इमारतीतली मंडळी जमतात. कोणी म्हणतो, बांबूने घरटे पाडा. कोणी म्हणतो, फटाके लावा. एखादी बुजुर्ग दादी मात्र हळूच म्हणते, "अरे, तिची पिल्ले असतील वर."

दादीचे म्हणणे खरे असते. एरवी वर्षभर आपल्या डोक्यावर गिरक्या घेणारी घार कोणाच्या वाटेला जात नाही. ती झडप घालते ती वर्षातले मोजके आठवडे, आणि तेही पिल्लांपायी. म्हणून बांबू उचलण्याआधी त्या घरट्यात नेमके काय चालले आहे, हे समजून घेऊ या. शिकारी पक्षी आपली लेकरे कशी वाढवतात आणि शहरात व खेड्यात त्या वाढवण्यात काय फरक पडतो, हा या महिन्याचा विषय आहे. त्यात आपल्या घराचा, आपल्या दस्तरखानाचा आणि आपल्या सदक्याचाही संबंध येतो. तो कसा, ते पुढे पाहू.

दोन महिन्यांचे बाळंतपण

आपल्याकडे घारीचा विणीचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो. जानेवारी-फेब्रुवारी हा त्याचा भर. नर आणि मादी मिळून उंच झाडाच्या बेचक्यात काटक्यांचे घरटे रचतात. झाड मिळाले नाही तर मोबाइलचा मनोरा किंवा विजेचा खांबही चालतो. आत चिंध्या, कागद, सुतळी, लोकर असे मिळेल ते अंथरतात. घरटे दिसायला ओबडधोबड असले तरी मजबूत असते. जुनेच डागडुजी करून पुढच्या वर्षी पुन्हा वापरले जाते.

मादी साधारण दोन, कधी तीन अंडी घालते. ३० ते ३४ दिवस ती उबवावी लागतात. हे काम मुख्यतः मादीचे. त्या काळात घर चालवतो तो नर. तो शिकार करतो, मांस आणतो, मादीला देतो आणि पुन्हा निघतो. पिल्ले बाहेर आली की पहिले काही दिवस मादी त्यांना सोडून हलत नाही. उन्हात पंख पसरून सावली करते, रात्री अंगाखाली घेते आणि नराने आणलेल्या मांसाचे बारीक तुकडे करून एकेकाच्या चोचीत घालते. पिल्ले जरा मोठी झाली, त्यांची भूक वाढली की मग दोघांनाही बाहेर पडावे लागते.

पिल्लांची वाढ सावकाश होते. पायांवर नीट उभे राहायला त्यांना १७ ते १९ दिवस लागतात. पंख फडफडवायला सुरुवात होते ती साधारण चार आठवड्यांनी. समोर पडलेले मांस स्वतः फाडून खायला शिकेपर्यंत ३३ ते ३९ दिवस जातात. ५० दिवसांच्या आसपास ती घरट्याशेजारच्या फांदीवर सरकू लागतात. म्हणजे आपल्याकडचे घारीचे पिल्लू जवळजवळ दोन महिने घरट्यातच असते. उडता आले तरी शिकार लगेच जमत नाही, म्हणून त्यानंतरही काही आठवडे आई-बापच त्याला भरवतात.

घार कितीही उंच गेली तरी तिचे लक्ष पिल्लांपाशी असते, असे मराठी घरांत पूर्वापार म्हटले जाते. निरीक्षणाने ते अगदी खरे ठरले आहे. घरट्याशी छेडछाड करणाऱ्या माणसाला घार चेहऱ्याने ओळखत असावी आणि गर्दीतूनही त्यालाच गाठून झडप घालत असावी, असे अभ्यासकांना दिसले आहे.

दुबळ्याचा घास

घरट्यातली सगळी अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत. आधी आलेले पिल्लू मोठे, मागून आलेले लहान. मोठे पिल्लू लहान्याला चोचीने टोचते, त्याचा घास पळवते. अन्न कमी असेल तर लहान पिल्लू मरतेही. शिकारी पक्ष्यांच्या घरट्यात हे नेहमीचे आहे.

पण इथे घारीच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. स्पेनमध्ये अभ्यासकांनी काही घरट्यांतली पिल्ले बदलून मुद्दाम लहान-मोठी जोडी तयार केली आणि आई-बाप कोणाला भरवतात ते पाहिले. घारींनी लहान पिल्लांना झुकते माप दिले. मोठे पिल्लू जोर करून पुढे येत होते, तरी घास दुबळ्याकडे जात होता. चार मुलांच्या घरात आजारी मुलासाठी सालनातली बोटी राखून ठेवणाऱ्या अम्मीला यात नवल वाटणार नाही.

दोन्यानाच्या पाणथळीत

स्पेनच्या दक्षिणेला, ग्वादलक्विविर नदीच्या मुखाजवळ दोन्याना नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. पाणथळ जागा, कुरणे, वाळूचे उंचवटे आणि तुरळक झाडी. जिला आपण घार म्हणतो, तीच जात तिथे राहते. फरक इतकाच की तिथली घार प्रवासी आहे. वसंतात येते, पिल्ले वाढवते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून आफ्रिकेत जाते. या घारींवर अनेक दशके अभ्यास चालू आहे. त्यातून रानातल्या घारीचा संसार नीट समजला.

रानात अन्न विखुरलेले असते. कुठे ससा, कुठे पाणपक्ष्याचे पिल्लू, कुठे तळ्याकाठी मेलेला मासा. दररोज ते शोधावे लागते, आणि ज्या जोडीकडे चांगली जागा आहे तिच्यावर इतरांचा डोळा असतो. म्हणून दोन्यानातल्या घारी घरट्यावर पांढऱ्या प्लॅस्टिकचे तुकडे लावून ठेवतात. २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात फाब्रित्सिओ सेर्जिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा उलगडा केला. हे तुकडे म्हणजे दारावरची पाटी असते: 'इथे सशक्त जोडी राहते, वाटेला जाऊ नका.' ७ ते १२ वर्षे वयाच्या, भर उमेदीतल्या घारी सर्वांत जास्त प्लॅस्टिक लावतात. फार तरुण आणि फार म्हाताऱ्या जवळजवळ लावतच नाहीत. अभ्यासकांनी दुबळ्या जोडीच्या घरट्यावर स्वतःच जास्तीचे तुकडे ठेवले, तेव्हा त्या जोडीने ते काढून टाकले. अंगात नसलेल्या ताकदीची जाहिरात केली तर भांडण ओढवते आणि पिल्लांचे हाल होतात, हे त्यांना कळते. लग्नात ऐपतीबाहेर मंडप घालणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

दोन्यानात आणखी एक गोष्ट दिसली. नुकतीच उडू लागलेली काही पिल्ले शेजारच्या घरट्यावर जाऊन बसतात आणि तिथले आई-बाप त्यांनाही भरवतात. बुस्तामांते आणि हिराल्दो या दोन अभ्यासकांनी १९९० मध्ये ही परक्या पिल्लांना सांभाळण्याची नोंद प्रसिद्ध केली. त्या आई-बापांना परके पिल्लू ओळखू येत नसेल किंवा ओळखून हाकलणे परवडत नसेल. कारण काहीही असो, त्या पिल्लाच्या पोटात घास पडतो.

मात्र रानातल्या या मायेला मुदत असते. आफ्रिकेला निघायची वेळ ठरलेली. उशिरा जन्मलेल्या पिल्लांना युरोपातल्या घारी फार काळ सांभाळू शकत नाहीत. तिथे उशिरा आलेली पिल्ले लवकर उडायला शिकतात आणि आई-बापांची देखभालही झपाट्याने आटते. आपल्याकडची घार बारमाही. तिला प्रवासाची घाई नाही, तिच्यापुढे पावसाळ्याची मुदत असते. पावसाच्या आधी पिल्ले उडती झाली पाहिजेत.

दिल्लीच्या गल्लीत

आता याच घारीला जगातल्या सर्वांत गजबजलेल्या शहरांपैकी एका शहरात पाहू. दिल्लीत शिकारी पक्ष्यांची घरटी इतकी दाट आहेत की तसे जगात फार थोड्या ठिकाणी आढळते. ही दाटी का, याचा अभ्यास भारतीय वन्यजीव संस्थेचे निशांत कुमार, कमर कुरेशी, वाय. व्ही. झाला आणि दोन्यानातले तेच सेर्जिओ यांनी मिळून केला. त्यांचे निष्कर्ष २०१८ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

उत्तर दोन शब्दांत सांगायचे तर झाड आणि मांस. घरट्यासाठी झाडी हवी आणि उडत्या अंतरावर मांस हवे. उघड्यावरचा कचरा हा मांसाचा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे आपला सदका. जुन्या दिल्लीत, जामा मशिदीच्या आसपासच्या मोहल्ल्यांत लोक मांसाचे बारीक तुकडे हवेत उडवतात आणि घारी ते वरच्या वर झेलतात. घरातले आजारपण टळावे, अडलेले काम व्हावे, अशा नियतीने हे केले जाते. ही चाल पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. अभ्यासकांनी दिल्लीभर घरटी मोजली, रस्ते, कचरा, झाडी आणि वस्ती यांच्या नोंदी घेतल्या. ज्या जागी झाडी होती आणि मुस्लिम मोहल्ले जवळ होते, त्या जागा घारींनी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त पसंत केल्या.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. एखाद्या बाईने सकाळी कौलावर टाकलेला मूठभर कीमा थोड्याच वेळात लिंबाच्या शेंड्यावरच्या पिल्लाच्या चोचीत जातो. दोन्यानातल्या नराला जे अन्न दिवसभर शोधावे लागते, ते दिल्लीतल्या नराला ठरल्या वेळी, ठरल्या गल्लीत मिळते.

पण याच अभ्यासात नाण्याची दुसरी बाजूही दिसली. माणसांवर घारी कुठे जास्त धावून जातात, हे त्यांनी तपासले. हंगाम जसजसा पुढे सरकतो, घरट्यात पिल्ले जितकी जास्त असतात, तितका घारीचा जोर वाढतो. हे अपेक्षितच होते. दोन महिन्यांची मेहनत पणाला लागलेली असते. पण त्याशिवाय जिथे रस्त्यावर माणसांची वर्दळ जास्त आणि मांस टाकण्याची चाल जास्त, तिथेही घारी अधिक धीट आढळल्या. रानातली घार माणूस दिसला की घरट्यावरून दूर जाते आणि लांबून ओरडते. गल्लीतली घार माणसाच्या हातातूनच खात आलेली असते. तिला माणसाची भीती उरत नाही. मग तोच माणूस पिल्लाजवळ आला की ती मागे न हटता चालून येते.

म्हणजे गच्चीवरची झडप ही काही अंशी आपल्याच हातून वाढलेली धिटाई असते. भरवणारा हात आणि झडप खाणारे डोके एकाच मोहल्ल्यातले असते.

शहर नेहमीच दाता नसते

दिल्लीचे उदाहरण पाहून कोणाला वाटेल की शहर म्हणजे पक्ष्यांचे माहेरच. तसे नाही.

ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात केस्ट्रेल नावाचा छोटा ससाणा जुन्या इमारतींच्या खोबणींत घरटी करतो. शहराच्या मध्यभागी अशा खोबणी भरपूर, म्हणून घरट्यांची दाटीही तिथेच. पण या ससाण्याचे मुख्य अन्न म्हणजे शेतातले उंदीर, आणि ते शहराच्या मध्यभागी नाहीत. मग आई-बाप छोटे पक्षी पकडून आणतात, ते जास्त कष्टाचे आणि कमी भरवशाचे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शहराच्या मध्याकडच्या घरट्यांतून कमी पिल्ले उडाली. घर उत्तम, पण चूल थंड. नोकरीच्या आशेने शहरात खोली घेतलेल्या कित्येक कुटुंबांची हीच कहाणी असते.

अमेरिकेतल्या टूसान शहरात वेगळेच घडले. तिथला कूपर नावाचा ससाणा आपल्या शिक्र्याचा भाऊबंद. शहरात पारवे आणि होले मुबलक, त्यामुळे अन्नाला तोटा नाही. पण त्या पाखरांच्या घशात एक परोपजीवी जंतू असतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार शहरातल्या घरट्यांतली जवळपास निम्मी पिल्ले दगावली, आणि त्यांतली बहुतेक या जंतूमुळे. शहराबाहेरच्या घरट्यांत असे मरण अगदी थोडे होते. आई-बापांनी भरवण्यात कसूर केली नव्हती. ते आणत होते त्या घासातच रोग होता.

तिसरे उदाहरण शाहीनचे. अल्लामा इकबाल यांच्या काव्यामुळे शाहीन आपल्या घरांत परिचयाचा आहे. तो घरटे बांधत नाही, ही गोष्ट पक्षिशास्त्राच्या दृष्टीनेही खरी आहे. बहिरी ससाणा आणि त्याचा भारतीय भाऊ शाहीन कड्याच्या उघड्या कपारीत, मातीत नुसता खळगा करून अंडी घालतात. सह्याद्रीच्या कड्यांवरही ते राहतात. पण घरटे नाही म्हणजे संसार नाही असे नव्हे. नर शिकार आणतो, मादी पिल्लांना भरवते, आणि पिल्ले उडू लागली की आई-बाप हवेत भक्ष्य सोडून ते झेलायला त्यांना शिकवतात. ब्रिटनमध्ये या बहिरी ससाण्याने चर्च आणि उंच इमारतींनाच कडा मानले. कबुतरे तिथे भरपूर. तिथल्या अभ्यासात शहरातल्या जोड्यांनी खेड्यातल्या जोड्यांपेक्षा जास्त पिल्ले वाढवल्याचे दिसले.

तीन शहरे, तीन वेगळे निकाल. आई-बापांची धडपड तिन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो शेजाराने काय दिले त्याने.

खेडे तरी सुरक्षित आहे का?

गिधाडांची कथा खेड्यातली आहे. गिधाडांची जोडी वर्षातून एकच अंडे घालते. दोघे आळीपाळीने ते उबवतात आणि पुढे कित्येक महिने त्या एकाच पिल्लाला पोटातले अन्न काढून भरवतात. इतकी माया एका पिल्लावर. तरीही १९९० च्या दशकानंतर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्व्याण्णवाहून जास्त नाहीशी झाली. गाई-म्हशींना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसात उरत होते. ते खाल्लेल्या गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होत होते. ज्या जोडीतला एक मेला, तिचे पिल्लूही गेले. भारत सरकारने २००६ मध्ये या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी घातली, पण गेलेली संख्या भरून यायला फार वेळ लागतो. वर्षाला एकच पिल्लू, तेही जगले तर.

रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या झाडीत गिधाडे पुन्हा घरटी करताना दिसतात, ती गावकरी आणि निसर्गप्रेमींनी राखलेल्या त्या झाडीमुळे. कोकणातल्या आपल्या वाचकांनी मुलांना घेऊन लांबूनच, शांतपणे ती पाहावीत.

आपल्या हातात काय आहे?

गच्चीवरच्या घारीने आपल्याकडे काही मागितलेले नाही. पण तिच्या घरात आपण वाटेकरी झालोच आहोत, तर ती वाटणी नीट असावी. काही गोष्टी अगदी सोप्या आहेत.

पहिली गोष्ट सदक्याची. घारींना मांस टाकल्याने बला टळते, या समजुतीला दीनी आधार किती, हे उलेमांना विचारावे. ते सांगणे या सदराचे काम नाही. पण ज्यांच्या घरी ही चाल आहे त्यांनी निदान एवढे पाहावे: मांस ताजे असावे, मीठ-मसाला लावलेले नसावे, प्रमाण थोडे असावे. प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कधीही फेकू नये. शाळेच्या आवाराजवळ, बाजारात किंवा रहदारीच्या रस्त्यावर टाकू नये. रोज एकाच गच्चीवर टाकून घारींना माणसाच्या हाताची सवय लावू नये. आणि शेजारच्या गरजू घराचा हक्क घारीच्या आधी येतो, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट कुर्बानीची. ईदनंतर आतडी आणि अवशेष उघड्यावर पडले की घारी, कावळे आणि कुत्री गोळा होतात. त्यातून शेजाऱ्यांना त्रास होतो. पालिकेने ठरवलेल्या जागी अवशेष देणे किंवा गावात खोल खड्ड्यात पुरणे, ही आपली स्वच्छता आणि आपली इज्जतही आहे.

तिसरी गोष्ट मांजाची. मकर संक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते, म्हणजे नेमकी घारीच्या विणीच्या तोंडावर. नायलॉनचा मांजा आकाशात दिसत नाही, तो पंखाचा स्नायू हाडापर्यंत कापतो. घरट्यात मादी अंड्यांवर बसलेली असते आणि नर परत येत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन आणि तत्सम कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. तरी तो विकला जातो आणि आपली मुलेही तो आणतात. घरात आलेली चकरी आई-वडिलांनीच बाजूला काढली तर कोणत्याही पथकाची गरज पडणार नाही. झाडात आणि तारांत अडकलेला जुना मांजाही काढून टाकावा. तो कित्येक महिने पक्ष्यांचा जीव घेत राहतो.

दिल्लीच्या वजिराबाद भागात नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दोघे भाऊ दोन दशकांहून जास्त काळ अशाच कापलेल्या घारींवर उपचार करत आहेत. मांस खाणारा पक्षी म्हणून एका रुग्णालयाने जखमी घार घ्यायला नकार दिला, तेव्हा त्यांनी घरीच काम सुरू केले. आजवर कित्येक हजार पक्षी त्यांच्या हाताखालून गेले. शौनक सेन यांनी त्यांच्यावर केलेला 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट २०२२ मध्ये सनडान्स आणि कान महोत्सवांत गौरवला गेला आणि पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. साबण ठेवायची उपकरणे बनवणाऱ्या या साध्या कारागिरांना आधी पक्ष्यांचे काही शिक्षण नव्हते. जखमी जीव समोर आला आणि ते शिकत गेले.

चौथी गोष्ट झाडांची. पावसाळ्याआधी, एप्रिल-मे महिन्यांत फांद्या छाटण्याची कामे निघतात. घारीची पिल्ले तेव्हाच घरट्यात असू शकतात. सोसायटीतले झाड छाटायचे असेल तर आधी वर पाहावे. घरटे असेल तर ती एक फांदी काही आठवडे राहू द्यावी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अंडी-पिल्ले काढणे किंवा घरटे मोडणे हा गुन्हाही आहे.

पाचवी गोष्ट पडलेल्या पिल्लाची. पिसे आलेले, डोळे टक्क उघडे असलेले पिल्लू भिंतीवर किंवा फांदीवर दिसले तर ते हरवलेले नसते. आई-बाप जवळपासच असतात आणि तिथेच त्याला भरवतात. त्याला तसेच राहू द्यावे, कुत्री-मांजरे दूर ठेवावीत. ते रस्त्यात पडले असेल तर जाड कापडाने अलगद उचलून जवळच्या उंच जागी ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. जखमी असेल तर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवून वनविभागाला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. दूध, पोळी किंवा चोचीत पाणी ओतणे, यातले काहीही करू नये. पाणी श्वासनलिकेत जाऊन पिल्लू मरते.

आणि झडपेचे काय? पिल्ले उडेपर्यंत तीन-चार आठवडे गच्चीचा तो कोपरा टाळावा. जाणे भागच असेल तर छत्री उघडून जावे. दगड मारू नये. घार ओळख ठेवते, आणि दगड मारणाऱ्याला ती पुन्हा गाठते. पावसाळ्याआधी हा प्रश्न आपोआप संपतो.

जाणकार वाचक इथे एक आठवण करून देतील. इजा पोहोचवणाऱ्या ज्या पाच जिवांना मारण्याची परवानगी हदीसमध्ये आली आहे, त्यांत घारीचेही नाव आहे. बरोबर आहे. पण परवानगी इजेच्या संदर्भात आहे, आणि छत्रीने टळणाऱ्या इजेसाठी घरट्यावर बांबू चालवण्याची निकड कोणाला असेल असे वाटत नाही.

त्याच हदीसच्या ग्रंथांत, अबू दाऊद यांच्या संग्रहात, एका सफरीचा प्रसंग आहे. काही सहाबींनी एका छोट्या पक्षिणीची दोन पिल्ले उचलून आणली. ती त्यांच्या डोक्यावर पंख फडफडवत घिरट्या घालू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) आले, त्यांनी ते पाहिले, हिला लेकरांवरून कोणी सतावले असे विचारले आणि पिल्ले परत ठेवायला सांगितली. डोक्यावर घिरट्या घालणारी ती आई तिथे हल्लेखोर ठरली नाही, फिर्यादी ठरली.

आपल्या गच्चीवरची घारही फिर्यादच घेऊन येते. तिला वाटते की आपण तिच्या पिल्लांवर उठलो आहोत. तसे नाही, हे तिला शब्दांत सांगता येत नाही. काही आठवडे लांब राहून ते दाखवता मात्र येते.